नाहीसा होणारा डाग

१९८०च्या दशकात सीटी स्कॅनची यंत्रे भारतातल्या मोठ्या शहरांत आली आणि मेंदूविकारांच्या ओपीडीत एक नवेच कोडे येऊन बसले. एरवी धडधाकट असलेल्या तरुण मुलाला किंवा मुलीला आयुष्यात पहिल्यांदा आकडी येते. एका हाताची बोटे आपोआप वळू लागतात, झटके कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत चढतात. कधी तेवढ्यावर थांबते, कधी शुद्ध हरपते. थोड्या वेळाने रुग्ण उठून बसतो, पाणी मागतो, घरी जाऊ या म्हणतो. तपासले तर कुठे काही कमी नाही. पूर्वी अशा रुग्णाला आकडीच्या गोळ्या लिहून दिल्या जात आणि विषय तिथेच संपे. आता स्कॅन काढला की फिल्मवर मेंदूच्या करड्या भागात एक लहानसा डाग दिसू लागला. कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन दिल्यावर तो उजळून निघे, कधी भरीव चकतीसारखा, कधी पोकळ कडीसारखा. भोवती सुजेची काळपट छाया. आकार एक-दीड सेंटिमीटर.

‘मेंदूत गाठ’ हे शब्द कानावर पडले की नातेवाइकांना पुढचे काही ऐकू येत नाही. डॉक्टरांना मात्र त्याच वेळी ठरवायचे असते की हा डाग कशाचा. मेंदूतच उगवलेल्या ट्यूमरची सुरुवात असेल, दुसऱ्या अवयवातला कर्करोग तिथे पोहोचला असेल, पुवाचा फोड असेल, क्षयाची गाठ असेल. फिल्मवर सगळ्यांची कडी थोड्याफार फरकाने सारखीच दिसते. उपाय मात्र प्रत्येकाचा वेगळा.

आपल्याकडे पहिला संशय क्षयावर जाई, आणि तो अकारण नव्हता. पाश्चात्त्य देशांत मेंदूतली क्षयाची गाठ दुर्मीळ झाली होती, तेव्हाही मुंबई, मद्रास, वेल्लोरच्या सर्जनांच्या टेबलावर ती नेहमीची होती. तरुण वय, आकडी आणि लहानशी कडी एवढे जुळले की क्षयाची औषधे सुरू होत आणि ती महिनोन्महिने चालत. ही औषधे साधी नाहीत. आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन यकृतावर ताण आणतात, इथॅम्ब्युटॉलने नजर अधू होऊ शकते. शिवाय आकडीच्या औषधांशी त्यांचे जमत नाही. आयसोनियाझिडमुळे फेनिटॉइन रक्तात साचते आणि रुग्ण झोकांड्या देत चालू लागतो. रिफॅम्पिसिनमुळे तेच औषध शरीरातून लवकर निघून जाते आणि बंद झालेली आकडी पुन्हा डोके वर काढते.

तरीही ही पद्धत रूढ झाली, कारण ती यशस्वी दिसत होती. औषधे सुरू करून तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन काढला की बहुतेकांचा डाग गेलेला असे. घरच्यांचा जीव भांड्यात पडे. गुण आला, म्हणजे निदान बरोबर होते, म्हणजे तो क्षयच होता, असा हिशेब मांडला जाई आणि पुढच्या रुग्णाला तीच औषधे अधिक खात्रीने दिली जात. या हिशेबातली मेख ध्यानात यायला एकच मार्ग होता: कुणीतरी औषध न देता थांबून पाहायला हवे होते. पण क्षयाचा संशय मनात असताना, हाताशी औषध असताना, थांबण्याची जोखीम कोण घेणार? उद्या रुग्ण बिघडला तर जाब द्यायचा कोणी? त्यामुळे जसजसा अनुभव वाढत गेला तसतसा गैरसमज पक्का होत गेला. अनुभवाला वैद्यकात आपण मोठा मान देतो. पण सगळे रुग्ण एकाच वाटेने नेले असतील तर दुसऱ्या वाटेवर काय झाले असते हे तो अनुभव सांगू शकत नाही, आणि तरीही तो सांगणाऱ्याचा आवाज मात्र दरवर्षी अधिक ठाम होत जातो. मला ही गोष्ट मेंदूच्या शस्त्रक्रियेतल्या कुठल्याही तांत्रिक अवघडपणापेक्षा जास्त धोक्याची वाटते.

दुसरी वाट शस्त्रक्रियेची होती. डाग काढायचा, पॅथॉलॉजिस्टकडे पाठवायचा, संशय फेडून घ्यायचा. पण हाताला झटके आणणारा डाग बहुधा हात हलवणाऱ्या भागातच किंवा त्याच्या काठावर असतो. तो काढताना शेजारच्या पेशी दुखावल्या तर औषधाने आटोक्यात आली असती अशी आकडी जाऊन कायमचा लुळा हात पदरी पडायचा. निदान पक्के करण्यासाठी एवढी किंमत मागायचा अधिकार सर्जनला कधी मिळतो?

काही डॉक्टरांच्या नजरेला हळूहळू विसंगती जाणवू लागली होती. १९८५ साली दिल्लीच्या एका गटाने उमटणाऱ्या आणि पुसल्या जाणाऱ्या डागांविषयी लिहिले. १९८७ साली पुण्याच्या डॉ. आर. एस. वाडिया आणि सहकाऱ्यांचा कडी आणि चकतीसारख्या डागांवरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. डाग हे आकडीचे कारण नसून परिणाम आहे, आकडीमुळेच मेंदू तेवढ्यापुरता सुजतो, असाही तर्क मांडला जात होता. वाद स्कॅनच्या फिल्म पुढे धरून चालला होता, आणि फिल्मवरून तो मिटण्यासारखा नव्हता.

तो मिटवला वेल्लोरने. तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जेकब चंडी यांनी १९४९ साली देशातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग सुरू केला होता. त्याच विभागातल्या डॉ. मॅथ्यू चंडी, डॉ. वेदांतम राजशेखर आणि सहकाऱ्यांनी अशा लहान डागांच्या बायोप्सी केल्या. पद्धत स्टिरिओटॅक्सीची. रुग्णाच्या डोक्याला जागच्या जागी भूल देऊन धातूची चौकट चार स्क्रूंनी कवटीवर घट्ट बसवतात आणि चौकटीसकट स्कॅन काढतात. चौकटीवरच्या खुणा आणि डाग एकाच चित्रात आले की डागाचे तीन आकडे मिळतात: डावी-उजवीकडे किती, पुढे-मागे किती, खोल किती. त्या आकड्यांच्या आधाराने कवटीला लहानशी खिडकी पाडून थेट डागापाशी जाता येते, आजूबाजूला शोधाशोध करावी लागत नाही. मेंदूत एक सेंटिमीटरची वस्तू डोळ्यांनी शोधत फिरणे आणि तिचा पत्ता हातात घेऊन जाणे, यात रुग्णाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

१९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे निष्कर्ष आले. सूक्ष्मदर्शकाखाली दिसले ते बहुतेकदा क्षयाचे नव्हतेच. टेनिया सोलियम या पट्टकृमीची मेलेली किंवा मरू घातलेली अळी आणि तिच्याभोवती शरीराने घातलेला वेढा, असे ते चित्र होते. ही अळी मेंदूत पाण्याने भरलेल्या बारीक पिशवीत वर्षानुवर्षे गपचूप राहू शकते. जिवंत असेपर्यंत ती शरीराच्या प्रतिकारशक्तीला चकवते. ती मरू लागली की चकवा संपतो, शरीर तिच्यावर तुटून पडते, सूज येते, आणि त्या सुजेतून आकडी. म्हणजे रुग्ण पहिल्यांदा डॉक्टरांच्या दारात येतो तेव्हा परजीवी आधीच मरणपंथाला लागलेला असतो. उरलेले काम शरीर आपले आपण करते. काही आठवड्यांत, काही महिन्यांत डाग विरतो. मागे काहीच उरत नाही किंवा कॅल्शियमचा एक ठिपका उरतो. क्षयाच्या गोळ्या चालू असोत वा नसोत, तो जाणारच होता.

इथे एक जुना गैरसमजही आड येई. हा कृमी डुकराच्या मांसातून येतो एवढे ठाऊक असल्यामुळे, “डॉक्टर, आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही,” असे आईने सांगितले की हे निदान बाजूला पडे. खरी गोष्ट वेगळी आहे. न शिजलेले मांस खाणाऱ्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. पण मेंदूत जाणारी अळी येते ती त्या कृमीच्या अंड्यांतून, आणि अंडी येतात पट्टकृमी पोटात असलेल्या माणसाच्या विष्ठेतून, न धुतलेल्या हातांवरून, दूषित पाण्यातून, कच्च्या भाजीवरून. डुकराच्या मांसाला न शिवणाऱ्या न्यूयॉर्कच्या कर्मठ ज्यू कुटुंबांतही हा आजार सापडल्याचे १९९२ साली प्रसिद्ध झाले होते. तिथे तो घरकामाला असलेल्या व्यक्तींच्या पोटातल्या कृमीतून आला होता. आहाराची चौकशी करताना धर्म आणि जात पाहून निदान वगळणे हा निव्वळ वैद्यकीय चुकीपेक्षा मोठा दोष आहे.

आता या कामाची दुसरी बाजू. ज्यांच्या बायोप्सी झाल्या, त्यांचेही डाग बहुधा आपोआप गेले असते. त्यांची कवटी उघडली गेली म्हणून पुढच्या हजारोंची उघडावी लागली नाही. हे योग्य झाले का? मला वाटते, झाले, आणि त्याचे कारण नंतर मिळालेल्या ज्ञानात शोधू नये. त्या दिवशी, त्या रुग्णापुरते पाहिले तरी बायोप्सीला आधार होता: डाग कशाचा हे खरोखरच कोणाला माहीत नव्हते, न पाहता द्यायची औषधे दीर्घकाळची आणि त्रासाची होती, आणि ट्यूमर असता तर उशीर महागात पडला असता. इतरांचा फायदा हे कारण पुढे करून एखाद्याच्या मेंदूला हात घालता येत नाही. आधी त्याच्या स्वतःच्या भल्याचा हिशेब जुळावा लागतो.

मग वेल्लोरच्या या डॉक्टरांनी जे केले त्याला माझ्या लेखी बायोप्सीइतकेच मोल आहे. कोणाला उघडायचे नाही याचे निकष त्यांनी ठरवले, १९९३ साली क्षयाची गाठ आणि अळीची गाठ यांतला फरक लिहून काढला आणि १९९७ साली ते निकष पुन्हा ताडून पाहिले. निकष साधे आहेत. सुरुवात आकडीने झालेली असावी. डोक्यातला दाब सतत वाढलेला नसावा. हातापायाचा अशक्तपणा दिवसेंदिवस वाढत नसावा. शरीरात अन्यत्र क्षय, कर्करोग असे काही चालू नसावे. स्कॅनवर डाग एकच असावा, वीस मिलिमीटरपेक्षा मोठा नसावा, आणि सुजेने मेंदूची मधली रेषा एका बाजूला ढकललेली नसावी. क्षयाची गाठ बहुधा याहून मोठी, कडेने वेडीवाकडी असते आणि रुग्णाची ताकद हळूहळू कमी करत नेते. सगळ्या अटी जुळल्या तर आकडीचे औषध द्यायचे आणि ठरलेल्या मुदतीने पुन्हा स्कॅन काढायचा. ज्या सर्जनांनी स्वतःच्या हातांनी या शस्त्रक्रिया केल्या, त्यांनीच त्यांची गरज कमी केली. शस्त्रक्रियेच्या इतिहासात असे वारंवार घडत नाही.

थांबणे नेहमीच शहाणपणाचे असते असा याचा अर्थ घेतला तर मात्र घात होईल. १८७६ साली, क्ष-किरणांचा शोध लागायला अजून १९ वर्षे होती तेव्हा, ग्लासगोच्या विल्यम मॅक्युएन यांनी एका मुलाच्या मेंदूत पू साचल्याचे निदान केले. कपाळाला झालेली जखम, ताप, शरीराच्या उजव्या बाजूला झटके, गेलेली वाचा एवढ्यावरून. वाचेचे केंद्र डाव्या बाजूला पुढे असते हे पॉल ब्रोका यांनी दाखवून दिले होते, म्हणून फोड तिथेच, हा त्यांचा तर्क. कवटी उघडून पू काढण्याची परवानगी त्यांनी मागितली. घरच्यांनी दिली नाही. मुलगा गेला. मृत्यूनंतर पाहण्याची परवानगी मिळाली तेव्हा त्यांनी सांगितलेल्या जागीच पू होता. मॅक्युएन यांच्याकडे जबरदस्ती करण्याचा अधिकार नव्हता आणि नसावाच. पण खात्रीचे निदान घरच्यांना पटवता आले नाही तर ते रुग्णाच्या उपयोगी पडत नाही, हेही त्या प्रसंगात उघडेवाघडे दिसते. पुढे १८९३ साली त्यांनी आपल्या कामाचा ग्रंथ काढला. त्यात मेंदूतल्या पुवाच्या १९ शस्त्रक्रियांपैकी १८ रुग्ण वाचल्याची नोंद आहे, आणि तीही प्रतिजैविके नसतानाच्या काळात.

याच्या दुसऱ्या टोकाला अमेरिकेतले हार्टफर्ड आहे. २५ ऑगस्ट १९५३ रोजी विल्यम स्कोव्हिल यांनी तिथे २७ वर्षांच्या एका तरुणावर शस्त्रक्रिया केली. शास्त्रीय लेखनात तो ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखला गेला. आकडीने त्याचे जगणे अशक्य केले होते, औषधे थकली होती. पण आकडी मेंदूत कुठून सुरू होते हे ईईजीतून सापडत नव्हते. उगम सापडला नाही म्हणून थांबायचे, की सापडला नाही म्हणून दोन्ही बाजूंनी काढायचे? स्कोव्हिल यांनी दोन्ही टेम्पोरल लोबचा आतला भाग, हिप्पोकॅम्पसच्या मोठ्या तुकड्यासह काढला. आकडी कमी झाली. नवी आठवण ठेवण्याची शक्ती मात्र कायमची गेली. एप्रिल १९५५ मध्ये मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला तपासले तेव्हा महिना मार्च, साल १९५३ आणि आपले वय २७, असे त्याने सांगितले. २००८ साली वयाच्या ८२व्या वर्षी तो वारला. स्मृतीविषयी आपल्याला जे ठाऊक आहे त्यातले कितीतरी त्याच्याकडून कळले.

स्कोव्हिल यांनी परिणाम लपवला नाही. मिल्नर यांच्यासोबत १९५७ साली तो छापला, दोन्ही बाजूंचा हा भाग काढू नका असे इतरांना बजावले. या प्रामाणिकपणाची कदर करायलाच हवी. तरीही शस्त्रक्रियेआधीच्या निर्णयाचा दोष त्याने पुसला जात नाही. निदानाने जागा दाखवली नव्हती आणि हात मात्र पुढे गेला होता.

माँट्रियलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड यांच्यासमोर याच सुमाराला वेगळा पेच आला. त्यांनी फक्त एकाच बाजूला शस्त्रक्रिया केलेल्या दोन रुग्णांची स्मृती अशीच गेली होती. त्यांचा आणि मिल्नर यांचा अंदाज असा की या रुग्णांची दुसरी बाजू आधीपासूनच निकामी असावी, आणि ते शस्त्रक्रियेआधी कळले नव्हते. त्यांपैकी एकाच्या मृत्यूनंतर, १९६४ साली, अंदाज खरा निघाला: ज्या बाजूला सुरी लागली नव्हती तिथला हिप्पोकॅम्पस आकसलेला होता. पण त्याआधीच, केवळ या अंदाजावरून, जुन वाडा यांची चाचणी तिथे स्मृतीसाठीही वापरली जाऊ लागली होती. मानेतल्या रोहिणीत औषध सोडून मेंदूची एक बाजू काही मिनिटे झोपवायची आणि तेवढ्यात रुग्णाला चित्रे दाखवून नंतर ती ओळखायला लावायची. उरणारी बाजू एकटीने भार पेलेल का, हे कापण्यापूर्वीच विचारून घ्यायचे. निष्काळजीपणा नसतानाही रुग्णाचे नुकसान झाले, तेव्हा ‘आम्हाला कसे कळणार होते’ असे म्हणून गप्प न बसता, कळून घेण्याची रीत त्यांनी शोधली.

आपल्याकडे या प्रश्नांवर सातत्याने बोलणाऱ्यांत मुंबईच्या केईएम रुग्णालयात न्यूरोसर्जन राहिलेले डॉ. सुनील पंड्या यांचे नाव आधी घ्यावे लागेल. १९९३ साली सुरू झालेल्या आणि पुढे ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ म्हणून ओळखल्या गेलेल्या नियतकालिकाचे ते संस्थापक संपादक. नीतिशास्त्राची चर्चा मेंदूच्या सर्जनकडून यावी यात नवल नाही. संमतीपत्रावर सही घेणे आणि रुग्णाला समजावून सांगणे यातले अंतर या शाखेत फार लवकर उघडे पडते.

एक प्रसंग पाहा. गाठ कशाची हे ठरवण्यासाठी कवटी उघडली आहे. छोटा तुकडा काढून गोठवला, त्याचे पातळ काप केले आणि पॅथॉलॉजिस्टने वीसेक मिनिटांत ऑपरेशन थिएटरमध्ये निरोप दिला: ग्लायोमा वाटतो, पण पक्के पॅराफिनच्या काचेवरच सांगता येईल. रुग्ण भुलीखाली आहे. आता गाठ जमेल तेवढी काढायची, की तुकडा घेऊन टाके घालायचे? वाचेच्या भागाला लागून असलेली गाठ असेल तर जास्त काढण्यात आयुष्य वाढण्याची शक्यता आहे आणि बोलणे जाण्याचीही. बाहेर बसलेल्या वडिलांना विचारून हा निर्णय होत नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका स्त्रीरोगाच्या प्रकरणात स्पष्ट केले की तपासणीसाठी दिलेली संमती ही उपचाराची संमती धरता येत नाही, जीव वाचवण्यासाठी तातडीने करणे भाग असेल तेवढाच अपवाद. आणि शुद्धीवर असता स्वतः निर्णय घेऊ शकला असता अशा प्रौढ रुग्णाच्या जागी, तो भुलीखाली आहे म्हणून, नातेवाइकाची सही चालत नाही. म्हणजे वीस मिनिटांनी येणाऱ्या त्या निरोपाबद्दलचे बोलणे आदल्या दिवशीच व्हायला हवे, रुग्णाशी, त्याच्या भाषेत: असे निघाले तर मी एवढे करीन, तसे निघाले तर थांबेन, बोलणे गमावण्याची जोखीम तुम्हाला कितपत चालेल?

लहान डागाच्या रुग्णालाही हे सगळे लागू आहे, फक्त तिथे बोलायचे असते ते न कापण्याबद्दल. उपचारही आता पुढे गेले आहेत. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अशा एकट्या डागासाठी आकडीच्या औषधासोबत अल्बेंडाझोल आणि स्टेरॉइड यांची शिफारस केली, आणि एमआरआयमुळे कधी कधी पिशवीतले अळीचे डोकेसुद्धा दिसते. पण थांबण्याची अट तीच राहिली. दुसरा स्कॅन झालाच पाहिजे. गावाहून आलेला रुग्ण आकडी थांबली की गोळ्या सोडतो, शेतीचा हंगाम असतो, स्कॅनचा खर्च असतो, आणि तारीख टळते. म्हणून पहिल्याच भेटीत वेळ काढावा लागतो. गोळी एक दिवसही चुकवायची नाही, विहिरीवर पोहायला जायचे नाही, चुलीशी एकटीने बसायचे नाही, गाडी चालवायची नाही, हे रुग्णाला आणि घरच्या एका माणसाला समोर बसवून सांगावे लागते.

आणि केसपेपरवर, रुग्णाला घरी नेता येईल अशा कागदावर, आणखी एक गोष्ट लिहावी लागते: कशामुळे माझे मत बदलेल. डाग वाढला, हात जड वाटू लागला, डोकेदुखीबरोबर उलट्या सुरू झाल्या, तर तारखेची वाट न पाहता या. निकष जुळलेल्या रुग्णांतही क्वचित एखादा असा निघतो की ज्याचा डाग तीन महिन्यांनी चौदा मिलिमीटरचा बावीस झालेला असतो. त्या दिवशी सर्जनला आपलेच पहिले मत बाजूला ठेवून बायोप्सीचे बोलावे लागते. तो कागद आधीच हातात असलेल्या घरच्यांना डॉक्टरांनी आपल्याला फसवले असे वाटत नाही. पुढे काय, एवढेच ते विचारतात.